यहूदाच्या जागेवर कोण

शुक्रवार : यवतमाळहून निघाल्यावर

एस्तेरचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"रविवारी आमच्या गावात यहूदाची जागा भरायची आहे," ती म्हणाली. "येतेस का?"

एस्तेर आणि मी सगळी नोकरी यवतमाळच्या एकाच सरकारी कचेरीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून केली. आमची शाखा आस्थापनेची. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणाची जागा रिकामी, हेच आमचं दाणापाणी. म्हणून मी सवयीनं विचारलं, "कोण यहूदा? रिटायर झाला का?"

एस्तेर इतकी हसली की फोनमधून नुसता ठसका ऐकू आला. मग तिनं सांगितलं. तिचं माहेर झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या पुढं. तिथं एक छोटं चर्च आहे आणि मंडळीचा, म्हणजे तिथल्या सभासदांचा, कारभार पाहायला पाच पंच असतात. त्यातला एक जण गेल्या पावसाळ्यात मंडळी सोडून मुकुटबनच्या एका नव्या प्रार्थनागटात जायला लागला. गावानं त्याचं नाव यहूदा ठेवलं. आता त्याच्या जागी नवा पंच निवडायचा होता, आणि उमेदवार दोन होते. एक एस्तेरचा थोरला भाऊ विलास, दुसरे निवृत्त शिक्षक योहान मास्तर.

निवडणूक म्हटलं की आम्हा आस्थापनावाल्यांच्या अंगात येतं. मी शेंगा तशाच ठेवून पिशवी भरायला घेतली.

गावाचं नाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं स्वतःला ओळखतील आणि पुढच्या खेपेला मला जेवायला घालणार नाहीत. ते नुकसान मला परवडणारं नाही, हे पुढं वाचाल तेव्हा पटेल.

करंजीच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आम्ही तर्रीचे पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल होती की एस्तेरच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि समोरच्या टेबलावरच्या एका आजोबांनी तिला "होते बाई, होते, सासरी जाताना असंच होते" म्हणून धीर दिला. एस्तेर साठीची आहे आणि माहेरी निघाली होती.

पुढच्या रस्त्यात मी तिला विचारलं, "मूळ यहूदाची जागा कशी भरली होती?"

माझं ज्ञान एवढंच होतं की येशूचे बारा शिष्य होते आणि त्यातल्या एकानं दगा दिला. एस्तेरनं मांडी घालून, अगदी फाइल उघडावी तशी गोष्ट सुरू केली. आधी येशू डोंगरावर प्रार्थनेला गेला, आणि खाली उतरून त्यानं आपल्या मागे येणाऱ्यांतून बारा जण नाव घेऊन निवडले. त्यांनाच प्रेषित म्हणायचं, म्हणजे पाठवलेले. त्यात मासे धरणारे कोळी होते, एक जकात गोळा करणारा होता, आणि दोन भाऊ असे तापट होते की त्यांना गडगडाटाची पोरं असं नाव पडलं होतं.

"परीक्षा? मुलाखत?"

"काही नाही. 'माझ्यामागे ये' म्हटलं की आले."

"थेट भरती," मी म्हणाले.

"हो. पण यहूदा गेला, येशूही स्वर्गात गेला, मग उरले अकरा. तेव्हा त्यांच्यातला पेत्र उभा राहिला आणि म्हणाला, बारावा भरू. अट एकच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्यासोबत राहिलेला असावा, म्हणजे प्रभू मेलेल्यांतून उठला याची साक्ष देईल."

"सेवाज्येष्ठता," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं.

"त्या अटीत दोघं बसले. बर्सब्बा आणि मत्थिया. मग प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या. मत्थिया निघाला."

"आणि पुढं मत्थियानं काय केलं?"

एस्तेर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शास्त्रात त्याचं नाव पुन्हा येत नाही."

मला आमच्या कचेरीतली किती तरी माणसं आठवली.

मग तिनं पौलाचं सांगितलं. तो तर येशूच्या माणसांना पकडून तुरुंगात टाकणारा. वाटेत त्याला उजेड दिसला, आवाज आला, आणि तो स्वतःच सांगायला लागला की मीही प्रेषित आहे. जुन्या लोकांना ते पचायला बरीच वर्षं गेली. म्हणजे ऑर्डर वरून आलेली, पण स्थानिक कार्यालय रुजू करून घेईना. ही गोष्ट मला इतकी ओळखीची वाटली की वणीपर्यंत मी त्यावरच बोलत राहिले, आणि एस्तेर त्यावर झोपली.

वणीला आम्ही काळीपिवळी जीप धरली. रस्त्याकडेची झाडं कोळशाच्या आणि चुन्याच्या धुळीनं एका बाजूला काळी, एका बाजूला पांढरी. वणी मागं पडली तशी एस्तेरची भाषा बदलली. यवतमाळात 'मला, तुला' म्हणणारी ही बाई ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, मले थ्या फाट्यावर उतरून देजो." मुकुटबनच्या पुढं तर आणखी गंमत. तेलंगणा जवळ, त्यामुळे मागच्या सीटवर दोघी जणी अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलत होत्या आणि भांडण मात्र पूर्ण मराठीत करत होत्या.

विलासदादा फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. उंच, काळेभोर केस, आणि ते केस जरा जास्तच काळेभोर. "सलाम बाई," ते म्हणाले. इथले ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतात. मी नमस्कार केला आणि मग गोंधळून सलामही केला. त्यांनी दोन्ही घेतले.

शनिवार : घंटा

सकाळी एस्तेर वहिनींना कामात मदत करत होती, म्हणून मी एकटीच गाव बघायला निघाले. कापसाची वेचणी चालू होती. घरांच्या ओसरीत कापसाचे ढीग, आणि त्या ढिगांवर मांजरं झोपलेली. गावाच्या टोकाला चर्च. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, पत्र्याचं छप्पर, दाराशी कडुनिंब, आणि लोखंडी चौकटीला टांगलेली पितळी घंटा. तिची दोरी अगदी हाताच्या उंचीवर लोंबत होती.

माणसाचा हात डोक्याला विचारून चालत नाही. मी चपला काढल्या, दोरी धरली, आणि देवळात शिरताना वाजवतो तशी घंटा दोनदा खणखणीत वाजवली. मग आत जाऊन डोळे मिटून उभी राहिले.

डोळे उघडले तेव्हा दारात माणसं जमत होती. शेतातून बाया धावत आलेल्या, कमरेला कापसाच्या ओट्या तशाच. विलासदादा एका पायात चप्पल घालून आले होते. पांढरा सदरा घातलेले एक किडकिडीत गृहस्थ चष्मा पुसत पुढं आले. ते योहान मास्तर होते. आणि सगळ्यांना बाजूला सारत एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"कोन मेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"मंग घंटी वाजवली कायले? ऐतवारी उपासनेले वाजते, नाई तं मयतीले वाजते. अन मी वाजवतो."

"आमच्याकडे देवळात आलं की वाजवतात हो मावशी. सवय आहे."

"काहून? देव झोपेल रायते का?"

"तसं नाही. पण आपण आलो हे त्याला कळावं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आमचा तं तिसऱ्या दिवशीच उठला," ती म्हणाली. "त्याले उठवा लागत नाई."

गर्दीत कोणी तरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले, ती सोडून. या शेवंताबाई. घंटा वाजवणं, चर्च झाडणं, दिवाबत्ती, किल्ली, सगळं त्यांच्याकडे. त्यांना या कामावर कोणी नेमलं, असं मी नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नेमते कोन? मी करून राह्यली होती, थे पाहून राह्यले होते." पौलाचाच नमुना.

माझ्या या पराक्रमाचा परिणाम मात्र भलताच झाला. मंडळीनं पंच निवडायला दोनदा हात वर करून पाहिले होते आणि दोन्ही वेळा मतं सारखीच पडली होती. शेवंताबाईंनी दोन्ही वेळा हात वर केला नव्हता. "दोघाइचे पाय मी पाळण्यात पाह्यले हायेत," त्यांचं म्हणणं, "सारखेच होते." म्हणून शेवटी शास्त्रात आहे तसं चिठ्ठीवर सोपवायचं ठरलं होतं. पण कागदाच्या चिठ्ठीला विलासदादांचा विरोध. शेजारच्या गावात कुठल्याशा निवडीत एक चिठ्ठी बर्फात ठेवून थंड केली होती आणि काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून तांब्यात दोन दाणे टाकायचे. विलासदादांची सरकी, म्हणजे कापसाचं बी, आणि मास्तरांची तूर. प्रश्न उरला होता तो दाणा काढायचा कोणी. गावात प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा, साडू नाही तर व्याही होता.

योहान मास्तर चष्मा लावून माझ्याकडे बघत म्हणाले, "या बाई परक्या आहेत. धर्मानंही परक्या. आणि त्यांना आपले नियम ठाऊक नाहीत, हे आताच सिद्ध झालं."

"मले मंजूर हाये," विलासदादा म्हणाले.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं एस्तेरनं मला नंतर सांगितलं.

दुपारी वहिनींनी दळणाचा डबा भरला. एस्तेर आणि मी तो घेऊन चक्कीवर गेलो. चक्की चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे. आणि तिथं मला कळलं की चक्कीवालाच यहूदा आहे. खरं नाव शमुवेल. गावातले मंडळीचे लोक त्याच्याशी बोलत नव्हते, पण दुसरी चक्की मुकुटबनात. त्यामुळे बहिष्कार असा चालला होता की बाया डबा ठेवत, बोटानं बारीक की जाड ते दाखवत, आणि मान फिरवून उभ्या राहत. शमुवेल तेवढ्याच गंभीरपणे बोटानं 'कळलं' म्हणे. समोर चर्चात त्याला प्रार्थनेत चुकलेलं मेंढरू म्हणून आठवायचं, आणि भाकर त्याच्याच पिठाची खायची.

एस्तेर मात्र सरळ बोलली. "कसा हायेस शमू?"

तो विलासदादांच्याच वयाचा, भुवयांपासून पायापर्यंत पिठानं पांढरा. "बरा हावो. उद्या हाये ना?"

"हो. ही दाणा काढणार आहे."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "दोघंई चांगले हायेत," तो म्हणाला आणि दळण ओतलं.

मी तशी भोचक, राहवलं नाही. "तुम्ही का सोडलं?" मी विचारलं. गावात मला तोवर तीन कारणं सांगितली गेली होती. तिकडे की-बोर्ड आहे म्हणून, तिकडे नाश्ता देतात म्हणून, आणि तो मुळातच तसा आहे म्हणून.

चक्कीच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे अशी गोष्ट ओरडून सांगावी लागली. "बायको बिमार होती. पावसाळाभर. थे तिकडचे रोज यायचे, बसायचे, प्रार्थना करायचे. आपले नाई आले. विलासचं अन माह्यं थ्याच्या आधी पेटीवरून वाजलं होतं. थो पेटी वाजवते, मी गातो. थो नाई आला म्हून बाकीचेई नाई आले."

"आता कशी आहे?"

"आता ठणठणीत. मलेच बोलते."

परत येताना एस्तेरनं एवढंच सांगितलं. विलास आणि शमुवेल लहानपणापासून एका ताटात जेवलेले.

त्या संध्याकाळचं जेवण मी विसरणार नाही. मी शाकाहारी, हे कळल्यावर वहिनींनी कोंबडीचा बेत रद्द केला नाही, नुसता माझ्यापुरता वेगळा चुलीवर चढवला. पाटवडीचा झणझणीत रस्सा, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीची पातळ भाकर, वर लसणाचा ठेचा. विलासदादा स्वतः वाढत होते. वाढता वाढता म्हणाले, "बाई, सरकी पाह्यली हाये ना तुमी? जरा केसाळ रायते. हाताले मऊ लागते."

"दादा," एस्तेर म्हणाली.

"मी शेतीची माहिती देऊन राह्यलो," ते म्हणाले आणि मला आणखी एक भाकर वाढली.

रविवार : तांब्या

सकाळी योहान मास्तरांचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे गोळाभात होता. डाळीचे गोळे शिजवलेला भात, त्यावर हिंगाचं कडकडीत तेल, सोबत कढी. सकाळच्या वेळी एवढं कोणी करत नाही. मास्तरांनी निष्पक्षपातीपणाचं महत्त्व समजावून सांगितलं. काढणाऱ्याच्या मनात काहीही नसावं, अगदी रिकामं असावं, असं ते म्हणाले. मग कढी वाढत म्हणाले, "तुरीचा दाणा म्हणजे निसर्गाचा चमत्कार बघा. किती गुळगुळीत."

मी दोन वेळा कढी घेतली आणि निष्पक्षपाती राहिले.

घंटा वाजली. या वेळी शेवंताबाईंनी वाजवली, आणि वाजवताना माझ्याकडे बघत होत्या. मी आत जाऊन सतरंजीवर बसले आणि काही वेळानं लक्षात आलं की माझ्याभोवती सगळे पुरुष आहेत. इथं उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. पण तोवर सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी प्रार्थनेच्या आडून गुडघ्यांवर सरकत पलीकडे गेले. शेवटचा 'आमेन' झाला तेव्हा मी मधोमध होते.

पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वणीहून मोटारसायकलवर येतात. तरुण, नवीन, आणि या चिठ्ठीच्या प्रकारावर नाराज. ते म्हणाले की चिठ्ठ्या टाकल्या त्या पवित्र आत्मा उतरायच्या आधी. त्यानंतर प्रेषितांनी कधी चिठ्ठी टाकली नाही. विधवांना अन्न वाटायला सात जण हवे होते तेव्हा लोकांनीच निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले.

"आमी निवडून पाह्यलं साहेब," विलासदादा म्हणाले. "दोनदा."

"तर मग तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा कोंबडा आरवते," मागून शेवंताबाई म्हणाल्या. पेत्रानं तीनदा प्रभूला नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता, ती आठवण. पाळकसाहेब हसले आणि त्यांनी हार मानली.

तांब्यात दोन दाणे टाकले. वर पांढरा रुमाल. प्रार्थना झाली. मी पदर खोचून हात आत घातला.

आणि मला कळलं. बोटांच्या टोकाला एक केसाळ, एक गुळगुळीत. माझा हात आता परका राहिला नव्हता. डाव्या बाजूला पाटवडी, उजव्या बाजूला गोळाभात. मी मान वर केली. विलासदादा छताकडे बघत होते. मास्तर डोळे घट्ट मिटून होते, पण ओठ हलत नव्हते, म्हणजे प्रार्थना करत नव्हते. एक क्षण मनात आलं की काढावा कोणता तरी, कोणाला कळणार आहे. माझी सगळी नोकरी अशा जागा भरण्यात गेली, पण निवड माझ्या बोटांत कधी नव्हती. ती गंमत फार मोठी वाटली. आणि लगेच भीती वाटली, कारण समोरची ही सगळी माणसं खरोखर देवाचा कौल येतोय असं समजून बसली होती.

मी हात रिकामाच बाहेर काढला.

"मला हाताला कळतंय," मी म्हणाले. "कोणता कोणाचा ते."

मग एस्तेर म्हणाली, "कालपासून दोन घरांत तिला शेतीची माहिती देणं चालू आहे." लोक हसायला लागले. विलासदादांनी आणि मास्तरांनी दोघांनीही जमिनीकडे बघितलं.

"कणकेत गुंडाळा," शेवंताबाई उठल्या. "दोन गोळ्या करा, सारख्या. मंग हाताले काय कळते ते पाहू. ज्वारीच्या पिठाच्या फुटतीन. गव्हाचं आनतो मी." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या रस्ता ओलांडून गेल्या. गव्हाचं पीठ कुठून येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवणं कठीण होतं.

त्या परत आल्या तेव्हा हातात परात होती आणि मागं शमुवेल होता.

तो दाराशी थांबला, चौकटीच्या बाहेर. "ऐतवारी पीठ कायले पाह्यजे म्हणलं," तो म्हणाला, "थे म्हणे, तुह्याच जागेसाठी. म्हणलं पाहू तं."

कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, ही गोष्ट अचानक फार अवघड झाली. तिथं बोटानं बारीक-जाड दाखवून भागण्यासारखं नव्हतं. पाळकसाहेबांनी त्याला आत बोलावलं आणि सरळच विचारलं, "शमुवेल, जागा रिकामी आहे का? तुम्ही असाल तर आम्ही कोणाची जागा भरतोय?"

"यहूदानं दगा केला अन मेला, म्हून भरली," शेवंताबाई म्हणाल्या. "बारा जनातल्या याकोबाले राजानं मारलं, थो शेवटपर्यंत इमानी होता, त्याची जागा कोनी भरली नाई. हा तं जित्ता हाये. काल माह्यी ज्वारी दळली यानं."

मला आमच्या शाखेत कोणी कधी इतकं स्वच्छ टिपण मांडल्याचं आठवत नाही.

शमुवेलनं विलासदादांकडे बघितलं नाही. "भरा जागा," तो म्हणाला. "मले पंच नाई व्हायचं. मी मांगं बसीन. थ्या तिकडे की-बोर्ड हाये साहेब, पन गाणं आपलं नाई. तोंडात बसत नाई."

"मग कणीक तुम्हीच मळा," पाळकसाहेब म्हणाले. "इथं तुमच्याइतका निष्पक्षपाती कोणी नाही."

शमुवेल वेदीच्या पायरीपाशी बसला, परातीत पाणी घेतलं आणि ज्या दोघांपैकी एक जण त्याच्या जागेवर बसणार होता, त्यांचे दाणे त्यानं एकेका गोळीत घातले. गोळ्या इतक्या सारख्या केल्या की तांब्यात टाकल्यावर त्यालाही सांगता आलं नसतं. मी हात घातला. दोन गार, ओलसर गोळ्या. या वेळी हाताला काही कळलं नाही, आणि मला हायसं वाटलं.

मी एक काढली, पाळकसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी फोडली. आत सरकी होती.

विलासदादा पंच झाले. योहान मास्तर उठले, त्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "बर्सब्बाचं पुढं काय झालं, शास्त्र सांगत नाही. माझं मी सांगतो. मी घरी जाऊन उरलेला गोळाभात खाणार." पण ते गेले नाहीत. पहिल्या रांगेत बसून राहिले.

मग विलासदादा गुडघे टेकून बसले. उरलेले चार पंच आणि पाळकसाहेब पुढं आले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. पाळकसाहेब प्रार्थना सुरू करणार, एवढ्यात खालून, त्या हातांच्या खालून विलासदादांचा आवाज आला.

"एक हात कमी हाये."

पाळकसाहेब थांबले. विलासदादांनी मान वर केली नाही. "शमू," ते म्हणाले, "तुह्या बायकोच्या बिमारीत मी नाई आलो. ये."

शमुवेल भिंतीला टेकून उभा होता. "हात पिठाचे हायेत," तो म्हणाला.

"असू दे."

तो आला. बाकीच्यांनी जागा केली. त्यानं उजवा हात विलासदादांच्या डोक्यावर ठेवला, अगदी दाबून, आणि प्रार्थना संपेपर्यंत काढला नाही. माझ्या शेजारी एस्तेर पदरानं नाक पुसत होती. शेवंताबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आपून यहूदा समजून राह्यलो होतो. हा तं परतून आलेला पेत्र निघाला."

उपासनेनंतर कडुनिंबाखाली सगळ्यांचं एकत्र जेवण झालं. विलासदादा पंगतीत फिरून भात वाढत होते, नव्या पंचाच्या ऐटीत. त्यांच्या कलप लावलेल्या काळ्याभोर केसांत पाच बोटांचा पांढरा ठसा स्पष्ट उमटला होता. पोरं हसत होती, बाया पदर तोंडाला लावत होत्या. वहिनींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. कोणी त्यांना सांगितलं नाही.

"सांगू का?" मी एस्तेरला विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "खूप दिवसांनी शोभून राह्यला."

दुपारी ते आम्हाला चालतच फाट्यावर सोडायला आले. काळीपिवळी उभी होती. एस्तेरची पिशवी आत ठेवताना ते ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशासमोर वाकले आणि त्यांना स्वतःचं डोकं दिसलं. ते तसेच थांबले. मान एका बाजूला करून पाहिलं, मग दुसऱ्या. मग खिशातून गमछा काढला, झटकला, घडी केली आणि खांद्यावर टाकला.

"येजा बाई," ते मला म्हणाले, आणि उघड्या डोक्यानं गावाकडे चालू लागले.